कारण, दोनशे अक्षरांत

कुपवाड एमआयडीसी, दुपारचे सव्वातीन.
हाऊसकीपिंगची तीन कोटेशनं यंत्राला घातली.
चहा निवायच्या आत त्यानं
भूपाल मगदुमांना तळाला ढकललं.
अकरा टक्के महाग.

बरोबरच आहे. हिशेब मीही केला होता.

पण खाली एक चौकोन असतो:
शिफारस डावलायची तर कारण, दोनशे अक्षरांत.
लिहिलं – पुराच्या साली
हरिपुरातल्या आपल्या घरातला गाळ तसाच ठेवून
हा माणूस चार पोरं घेऊन आला,
आमचं गावभागातलं गोडाऊन उपसायला.
पैशाचं नावही काढलं नाही.

उत्तर आलं: या कामाचं बिल सापडत नाही.

खोडलं.
लिहिलं, ‘आपत्कालीन उपलब्धता : उच्च’.
लगेच हिरवी खूण.

तेवढ्यात मगदुमांचाच फोन,
मॅडम, दर थोडा उतरवू का?

म्हटलं, ठेवा हो फोन.