जीभ वर कर

खिडकी वीतभर. पलीकडून हात येतो.
मी कपात गोळी टाकते, पाणी देते.
आ कर. जीभ वर कर. डावा गाल दाखव.
पुढचा.

अ‍ॅबर्डीनचा समुद्र हाकेवर आहे,
पण इथे वास फक्त फिनेलचा.

मॅकेल्वीने परवा मनगट कापलं
तेव्हा मला आधी आठवला अहवालाचा फॉर्म,
मग तो.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

सांगणार तरी कुणाला? ड्यूटीरूमचं दार ढकललं
की आतलं हसू बंद पडतं, जुन्या फ्रिजसारखं,
एक हिसका देऊन.
रोना वही सरकवते, माझ्याकडे न बघता:
सलग सातवी रात्रपाळी.
माझा मग आज पोतेऱ्याच्या बादलीत.
"गंमत गं. तुला ना विनोदच कळत नाही."

म्हातारा डूगल कप परत देताना
जाळीशी वाकून म्हणाला,
सिस्टर, आज तुमच्याशी कुणी बोललं का?

मी म्हटलं, जीभ वर कर.

सकाळी घरी एली शाळेतलं काहीतरी सांगत होती,
टोस्ट तोंडात, हातवारे करत.
मी एक शब्द ऐकला नाही.
वाकून बघत होते
तिने गिळलं का.