देश म्हणजे दहा

मानखुर्दच्या पुलाखाली, सहाव्या खांबाशी
हरकूबाई सोळंकीची भट्टी.
मार्गिताला तिथं नेलं मंगळवारी,
कारण परिषदेत भाषण संपवून
चहाच्या रांगेत ती मला म्हणाली होती,
लोखंड ठोकणारं कुणी असेल तर दाखव.
तिची आजी खिळे करायची
स्लोव्हाकियातल्या एका गावात,
ओढ्याच्या खालच्या अंगाला,
जिथं पाणी पोचतं सगळ्यांचं वापरून झाल्यावर.

दुभाषी मीच.
पण पहिली पाच मिनिटं मला कुणी विचारेना.
मार्गितानं घागरीकडं बोट केलं: पानी.
पानी, हरकूबाई म्हणाली.
मिठाची पुडी: लोन.
कान: कान. नाक: नाख.
भट्टीतला विस्तव: याग.
हरकूबाईनं घण खाली ठेवला,
"एवढ्या लांब सासर कुणी दिलं गं हिला?"

लोखंडाला मात्र ती सास्तेर म्हणाली.
मला शस्त्र ऐकू आलं, शिकलेला कान माझा.
हरकूबाईला काहीच नाही.
ती विळे करते.

मग विळे मोजले दोघींनी, तरटावर मांडून.
येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव,
सहापर्यंत जोडीनं, मान हलवत.
सातला मार्गिता म्हणाली एफ्ता.
ओख्तो. एन्या.
"हे कुणाचे?"
ग्रीकांचे, वाटेत उसने घेतलेले.
परत करायला कुणी बोलावलं नाही.
"आणि दहा?"
देश.

"देश?"
देश. दहाला आम्ही देश म्हणतो.

हरकूबाईनं तरटाकडं पाहिलं.
विळे नऊच होते.
दहावा सकाळी महापालिकेची गाडी घेऊन गेली,
तराजू आणि भात्याच्या कातड्यासकट.
पावती मागितली तर साहेब हसला.

हे मात्र मला सांगावं लागलं, इंग्रजीत.
मार्गितानं विचारलं नाही का नेलं ते.
किती वाजता आले, एवढंच विचारलं.

माझ्या पिशवीत सर्वेक्षणाचा फॉर्म होता.
रकाना अकरा, मातृभाषा.
गेल्या साली हरकूबाईपुढं मीच मराठी लिहिलं होतं,
न विचारता,
कारण मराठीचा संकेतांक पाठ होता
आणि तिच्या बोलीला संकेतांकच नव्हता.

मार्गिता सांगत होती, पहिलीत बाईंनी तिला
मंद मुलांच्या वर्गात बसवलं,
कारण पाणी मागताना ती पानी म्हणाली.
आमच्यात जिभेला छिब म्हणतात,
भाषेलाही छिब.
असं म्हणून तिनं जीभ बाहेर काढून दाखवली.
हरकूबाईनंही काढली,
पानानं लाल झालेली, लांबलचक.
सिग्नलचा हवालदार बघत राहिला
भर रस्त्यात दोन म्हाताऱ्या
जिभा काढून उभ्या.

मी तोंड मिटून होते.

निघताना हरकूबाईनं तिला एक विळा दिला,
पैसे घेतले नाहीत.
उरले आठ.
"विमानात नेऊ देतील का गं?" तिनं मला विचारलं.
मी नाही म्हणाले नाही.
फॉर्म अजून पिशवीतच आहे,
रकाना अकरावर खोडरबराची
थोडी घाण.