कपची

शनिवारी बोहरी आळीतून व्हॉल्व्ह ट्यूब आणली, दोन मीटर.
दुकानदार म्हणाला, "किती सायकली आहेत, बाई?"
म्हटलं, "सायकल एकही नाही. सव्वीस पोरं आहेत."
त्यानं वर पाच बोटं जास्त मोजून दिली.

रविवारी रात्री काड्यांचे गुल खुडत बसले
मेथी निवडावी तशी.
नवरा म्हणाला, "उद्या काय शिकवणार?"
"घर का पडत नाही, ते."
"बघ बाई," तो म्हणाला, आणि कूस बदलली.

पर्वतीच्या मागच्या उतारावर आमची बालवाडी.
एक खोली, सात पायऱ्या,
साती पायऱ्यांची उंची सात तऱ्हांची.
इथून चेंडू सुटला तर थेट दांडेकर पुलाशी सापडतो,
म्हणून आम्ही चेंडू ठेवतच नाही.

चार काड्या, चार तुकडे ट्यूबचे. चौकोन.
"हे घर," मी म्हणाले, आणि एका बोटानं ढकललं.
घर आडवं झालं.
"परत पाडा, बाई! परत!"
अकरा वेळा पाडलं.
माझ्या टाचणात पडणं शेवटी होतं, पाच मिनिटं,
त्यांना ते आधी हवं होतं, आणि पोटभर.

मग त्रिकोण केला, शादाबच्या हातात दिला.
त्यानं बोटानं ढकललं,
फुंकलं,
मग कपाळानं टक्कर दिली, बोकडासारखी.
"बाई, हा ऐकतच नाय."
फळ्यावर मी 'भक्कम' लिहिणार होते,
'हट्टी' लिहिलं.
सव्वीस तोंडांनी तो शब्द मोठ्यानं वाचला
ज्यांना वाचता येत नाही, त्यांनीसुद्धा.

मधल्या सुट्टीनंतर मनोरा.
खडूची खोकी, करवंट्या, बिस्किटाचे डबे.
"मोठं खाली, लहान वर," मी सांगितलं.
गौतमीनं तसंच केलं, अगदी तसंच,
आणि तो पडला.
पुन्हा केला. पुन्हा पडला.
तिनं माझ्याकडे पाहिलं
खोटं बोललेल्या माणसाकडे पाहतात तसं.

यल्लू मनोऱ्याकडे बघतच नव्हती.
तिनं शाहबादी फरशीवर गाल टेकवला,
एक डोळा मिटला,
डब्याला करंगळी लावली.
"ह्यो डुगडुगतोय. वरचं न्हाय. खालचं."
आणि उठून पळाली.
मी दारापर्यंत गेले, हाक मारली,
तोवर ती परत येत होती, मूठ आवळून.

मुठीत काळ्या दगडाची कपची,
नखाएवढी जाड, एका बाजूला निमुळती.
ती तिनं डब्याखाली सारली,
थोडी मागे घेतली, पुन्हा सारली.
"आजा म्हणतो, दगड डुगडुगला की त्याला शिव्या नाय द्यायच्या.
कपची द्यायची."

मनोरा गौतमीच्या हनुवटीपर्यंत गेला.
मग तिच्या कपाळापर्यंत.
मग तिला स्टूल लागलं, आणि ते मी धरलं.

साडेबाराला पोरं दप्तरं घेऊन गेली.
यल्लू मागे राहिली. खाली वाकली.
कपची हळूच ओढून काढली,
आणि सगळं धडाधडा कोसळलं.
"अगं, राहू दे की उद्यासाठी!"
"नको. घरची हाय," ती म्हणाली,
"मांडणीखालची. आईला सांगितलं न्हाय म्या."

म्हणजे तासभर त्या घरात
ताटं वाट्या पातेली एका पायावर उभी होती,
आणि इथे मी टाळ्या वाजवत होते.

ती पायऱ्या उतरली, दोन दोन, न मोजता.
मी खोकी गोळा केली, कुलूप लावलं.
खाली उतरताना हाताला टेकडीची भिंत लागत गेली,
जिच्या आधारानं नऊ वर्षं चढते उतरते.
आज पहिल्यांदा थांबून बघितली:
प्रत्येक मोठ्या दगडाच्या बगलेत
कुणीतरी, कधीतरी, वाकून,
काहीतरी बारीक खोचलेलं.

मग वरून कुणाच्या तरी घरातून
भांड्यांचा आवाज आला.
मी कान दिला.
पडल्याचा नव्हता. लावल्याचा होता.