रुवीचं कोणी नसतं

अकरा वर्षं मी या शहराची बिलं लिहिली,
कंटेनरचे नंबर, जकातीचे आकडे,
शहर बघायचं तेवढं राहून गेलं.
व्हिसा संपायला नऊ दिवस उरले
तेव्हा बूट घातले, पाण्याची बाटली भरली
आणि राहत्या गावात पाहुणी म्हणून उतरले.

मत्रह.
समुद्राकडे तोंड करून बसलेली पांढरी घरं,
खाऱ्या वाऱ्यानं रंग खाल्लेले लाकडी सज्जे,
बाजाराच्या छपराखाली ऊद, हळद आणि प्लास्टिकच्या चपला
यांचा मिळून एकच वास.
मग गल्ली. मग तिच्यातली गल्ली,
कोपरं पसरली तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी.
एका वळणावर तीन मांजरं, दुसऱ्यावर बंद दार,
तिसऱ्यावर पुन्हा तीच तीन मांजरं.

कुलपं दुरुस्त करणारे मुर्तझाभाई,
चष्मा कपाळावर, बोटं पितळेनं काळी,
कच्छी वळणाच्या हिंदीत म्हणाले,
"कुठल्या?"
मी म्हटलं, "रुवीची."
ते इतके हसले की हातातली कानस पडली.
"बाई, रुवीचं कोणी नसतं.
रुवीत लोक नुसते राहतात."
आणि एका बिनकुलपाच्या किल्लीनं
बाहेरची वाट दाखवली.

दुसऱ्या दिवशी डोंगर.
बिरकत अल मौजच्या नाक्यावर पोलिसानं
माझ्या छोट्या गाडीभोवती एक फेरी मारली,
मान हलवली. हिच्यात वर चढायचा दम नाही.
गाडी तिथेच ठेवून मी खल्फानच्या जीपमध्ये,
मागे दोन शेळ्या आणि गॅसची टाकी.
वळणं मोजायची सोडून दिली तेव्हा कान बंद झाले.
खाली अडतीस अंश होते, वर बावीस.
खल्फाननं एसी बंद करून काच खाली केली,
घरी आल्यावर माणूस टोपी काढतो तशी.

गुलाबाचे दिवस होते, पण फुलं पहाटेच तोडून नेलेली.
झुडपांवर काटे, आणि चुकार दोन-चार पाकळ्या.
दरीच्या काठाला पायरीपायरीनं चिकटलेली
घासाएवढाली शेतं.
मी मोबाइल काढला, सगळे काढतात तसा,
जांभई आली,
कान उघडले,
आणि पाणी ऐकू आलं.

वीतभर रुंदीचा दगडी पाट.
कडेला एक माणूस उकिडवा,
हातात चिंध्यांचा बोळा, डोळे एका सावलीवर.
सावली खुणेच्या दगडाला टेकली.
त्यानं इकडचा बोळा काढून तिकडे ठोकला,
पाणी क्षणभर घुटमळलं आणि वळलं.
"पाळी बदलली," मी म्हणाले.
मोठ्यानं. मराठीत. कुणाला, कोण जाणे.

माझे वडील पांझरेच्या फडावर पाटकरी.
असेच बसायचे, असंच सावलीशी बोलायचे.
वर्षाकाठी जोंधळा मिळायचा
आणि रोजच्या रोज दोन्हीकडच्या शिव्या.
मी दहावीनंतर ठरवलं होतं,
चिखलात पाय घालायचा नाही.

त्या माणसानं खल्फानकरवी विचारलं,
"कुठली?"
रुवी जिभेवर आली आणि तिथेच बसली.
नकाशा काढावा तर पांझरा बोटाखाली झाकून जाते.
तेवढ्यात दिसलं, बोळ्याच्या अंगानं पाणी झिरपतंय,
बारीक धार, कोणाच्या तरी पाळीतली.
बूट काढले. ओली माती घेतली
आणि टाचेनं दाबली,
आधी कडेनं, मग मधोमध,
वडील दाबायचे तशी.
धार थांबली.
तो थोडा सरकला, मला बसायला जागा झाली.
पुन्हा त्यानं काही विचारलं नाही.

उतरताना कान परत बंद.
मांडीवर गुलाबपाण्याची बाटली,
तिला फुलापेक्षा भट्टीच्या धुराचाच वास.
नाक्यावर माझी गाडी तव्यासारखी तापलेली.
कालचाच पोलीस म्हणाला,
"कसं होतं वर?"

"गळत होतं थोडं," मी म्हटलं,
"बुजवून आले."