अठरा मीटर

डबा मीच लपवला होता.
औषधांचा, जाड झाकणाचा. आत एक वही,
टोक केलेली पेन्सिल आणि एक लाकडी भोवरा.
ज्याला सापडेल त्यानं भोवरा घ्यावा, बदली काहीतरी ठेवावं,
वहीत नाव लिहावं आणि जागा कुणाला सांगू नये.
एवढाच खेळ.

बेलापूरच्या किल्ल्याचं आता उरलंय काय?
एक बुरूज, पिंपळानं मुठीत धरलेला,
खाली खाडी, पलीकडे उलव्याचे दिवे.
सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज,
जो आला त्यानं इथूनच पलीकडे बोट दाखवलं
आणि म्हटलं, तिथवर आपलं.
घारापुरीला जाणारं भुयार इथंच आहे असं
गावठाणातला प्रत्येक पोरगा गळ्याची शपथ घेऊन सांगतो.
भुयार मी कोड्यात घेतलं नाही.
मोजता येतं तेवढंच घेतलं:

जिन्याच्या शाबूत पायऱ्या, हा उत्तरेचा शेवटून दुसरा आकडा.
खाडीकडे तोंड केलेल्या जंग्या, हा शेवटचा.
पूर्वेचे आकडे सरळच दिलेत.
आळस करू नका, चढून मोजा.

तीस वर्षं प्लॅनिंगच्या ऑफिसात रेषा आखल्या मी.
चूक माझ्या हातून होत नसे.

पहिल्या वर्षी चौदा नावं.
पनवेलची एक दातांची डॉक्टर, ऐरोलीचे बापलेक,
कुणीतरी भोवरा नेला आणि नुसती दोरी ठेवून गेला.
दुसऱ्या वर्षी पावसाळा सरला, वही कोरीच.
फोनवर निरोप मात्र येत राहिले:
सापडला, मजा आली, चहाबद्दल आभार.

कसला चहा?

गुडघ्यांची समजूत काढत गेलो एकदा.
चढून मोजल्या. सात नव्हत्या, सहा.
एक पायरी घसरून गेली होती कधीतरी,
तिच्या जागी ओली माती आणि गोगलगायींची टरफलं.
पायरी एक कमी, की उत्तर
अठरा मीटर दक्षिणेला सरकतं.

फोन हातात धरून उतरलो.
बारा मीटर. सहा. चार. पुन्हा सहा.
उपग्रहालाही इतकी ढिलाई माफ असते.
बाण जिथं थरथरत थांबला
तिथं जवळा वाळत घातला होता
आणि एक बाई मांजर हाकत होती.

"डबा ना? पानी पी आदी.
पोरा येतान, बाया येतान, सगली इथंच येतान
न तोंड पारून जातान. मंग मीच ठेवला."

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. शंभर पानी वही.
नावं एकोणचाळीस,
आणि सगळ्यांच्या वर तिचं, शाळकरी वळणात:
चांगुणा भोईर.

मी चिंच ओळखली.
त्र्याऐंशी साली, निळ्या शाईनं, स्टीलची पट्टी दाबून
गावठाणाची हद्द मी या चिंचेच्या अलीकडून नेली होती.
रेषा छान सरळ चालली होती.
वळवली असती तर नकाशा वाकडा दिसला असता.
अंगण बाहेर राहिलं.

नोटिसा येतात का, मी विचारलं,
सहज विचारल्यासारखं.
"येतान की. त्या खालचे डब्यान हान."

तिनं पेन्सिल पुढं केली.
नाव लिहिलं. चाळिसावं.
"कुठून आलात" या रकान्यापाशी जरा अडलो,
मग लिहिलं: वरून.
ती हसली. चहात साखर जास्त होती.

त्या रात्री कोडं दुरुस्त करायला बसलो.
एक मिळवा, एवढंच लिहायचं होतं.
नाही लिहिलं.

आता महिन्यातून एकदा जातो.
माझा डबा वर आहे तिथंच आहे, त्याला हात लावत नाही.
सहावी पायरी हलते का ते बघतो.
पुढच्या पावसात ती गेली
तर उत्तर थेट खारफुटीत.
पिशवीतून दगडाच्या चिपा काढतो,
फटीत बसवतो, हातोडीनं हळू ठोकतो.
खालून कुणीतरी ओरडतं, ओ काका, काय शोधताय?

मी म्हणतो, मोजतोय.