टॅम्प्लीज

गुरुवारी रात्री आठला डंडीत माझा हीटर कुरकुरत सुरू होतो
आणि राज्य माझ्यावर येतं.

म्हणजे जग मी सांगायचं, चौघांनी त्यात वावरायचं.
पर्थची बेरिल, पोस्टातून निवृत्त, ती सरदार.
कार्डिफचा इद्रिस, दर वेळी चोरच होतो
आणि दर वेळी पकडला जातो.
लेस्टरहून माझा मावसभाऊ श्रीरंग, दोन डोक्यांचा वैद्य;
त्यातलं डावं डोकं फक्त मालवणीत भांडतं.
आणि एल्स्पेथ.
तिचा चेहरा मी पाहिलेला नाही.
ती दिवा धरते. अंधारात सगळ्यांच्या पुढे.

पहिल्याच दिवशी ठरलं होतं,
ज्याला नको होईल त्यानं लाल ठिपका टाकायचा,
कारण विचारायचं नाही.
मी म्हटलं होतं, अहो, आमच्याकडे याला टॅम्प्लीज म्हणतात.
मुठीला ओठ लावून ओरडायचं.
नाडी सुटली, शू लागली, उगाच रडू आलं,
टॅम्प्लीज!
धरायला आलेला हात हवेत तसाच राहायचा.
सांगलीच्या आमच्या कॉलनीत
कशासाठी, असं कुणी विचारल्याचं आठवत नाही.

त्या गुरुवारी मी भुयारात पाणी सोडलं.
शनिवारी पाहिलेल्या सिनेमातून सरळ उचललेलं;
तिथे कॅमेरा हनुवटीपाशी थांबतो
आणि थांबूनच राहतो.
घोटे, गुडघे, कंबर. वात फुरफुरते.
बोटं अशी पळत होती
की बाहेर टे नदीला भरती आहे की ओहोटी, कळत नव्हतं.

लाल ठिपका आला.
मी पाहिला.
पाहून हातातलं वाक्य पुरं केलं.

एकच. नाकातोंडाचं.
चांगलं जमत होतं, म्हणून.

मग बेरिलनं लिहिलं: माझा सरदार भिंत फोडतो.
पाणी गेलं. आता चहा.
चोरानं कुठून तरी बिस्किटं आणली,
पहिल्यांदाच न पकडला जाता.
एल्स्पेथचं नाव करडं होऊन
यादीच्या तळाशी गेलं.

मला काय माहीत नव्हतं का?
याच गावात, मागल्या हिवाळ्यात,
थिएटरात पडद्यावर एक यंत्र कुणासाठी तरी श्वास घेत होतं
आणि मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते.
शेजारी फिन्ले कुजबुजला, अगं, खोटं आहे सगळं.
हो रे. यंत्र खोटं होतं.
आईजवळ अकरा रात्री बसलेले कान
माझेच होते.
उठून बाहेर आले, तर त्यानं पॉपकॉर्न संपवूनच विचारलं, काय झालं?

त्या रात्री माफीचे तीन मजकूर लिहिले.
तिन्हींत मीच जास्त होते. खोडले.
शेवटी एवढंच पाठवलं:
थांबायला हवं होतं. थांबले नाही. नदी काढून टाकते.
दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं:
बरं. गुरुवारी येते.

नकाशा पुन्हा केला.
नदी होती तिथे कोरा कागद सोडला,
पूल मात्र राहून गेला, नुसता, जमिनीवरून जमिनीवर.
वैद्याचं डावं डोकं म्हणालं, मगे माशे खंय गेले?
उजवं म्हणालं, गप.

चार गुरुवार गेले.
दिवा पुढे, आम्ही मागे, सगळं कोरडं.
पाचव्या खेपेला, इद्रिस तुरुंगात असताना,
नकाशाच्या त्या कोऱ्या जागी कुणीतरी
निळ्या पेन्सिलीनं ताटलीएवढं डबकं काढलं.
त्यात एक बदक. पाय वरच, बुडालेले नाहीत.

मी काही लिहिलं नाही.
कुणीच लिहिलं नाही.
मग बेरिलनं विचारलं, याचं नाव काय?
आणि एल्स्पेथ टाइप करू लागली,
तीन ठिपके हलत राहिले, बराच वेळ,
आम्ही वाट पाहिली.