माशीची नोंद

बडोद्याची मार्चमधली दुपार, तीनचा सुमार.
टेबलावर आडवा पडलाय एक फ्लेमिश मुदपाकखाना:
कोबीचे चार गड्डे, सोललेला ससा,
परातीत मासे, डोळे उघडे,
लिंबाची साल काठावरून लोंबती
आणि चीजच्या चाकावर एक माशी.

मी कापसाचा बोळा जिभेला लावते,
कोबीवरून हळू फिरवते.
हो, थुंकीच. इतक्या वर्षांचा धूर
अजून तिचंच ऐकतो.
आमच्याकडे उष्ट्या हाताने भाताच्या पातेल्याला शिवलं
तर आई अख्खं पातेलं गाईला घालायची.
इथे मी राजवाड्यातून आलेलं चित्र
वीत वीत उष्टं करते
आणि महिन्याच्या सात तारखेला पगार घेते.

भिंतीवरची पाटी सगळं समजावून सांगते.
लिंबू: वरून देखणं, आत आंबट, तसंच आयुष्य.
मांस म्हणजे वासना. उपडा पेला म्हणजे श्वास.
माशी म्हणजे पाप, किंवा मरण, दोन्ही चालतं.
आणि पार मागे, दाराच्या चौकटीत
अंगठ्याएवढा येशू,
पायाशी मरिया ऐकत बसलेली,
मार्था उभी. तिच्या हातात काय आहे
ते काजळीखाली गेलंय.
पाटी म्हणते, पुढचं सोडा, मागचं पाहा.

जशुभाई या दालनात छत्तीस वर्षं पहाऱ्याला.
ते म्हणतात, "बेन, छोकरांना मागचं काही दिसत नाही.
सहल आली की पहिली ओरड माशीचीच."

बुधवारी चीजपाशी पोचले.
भिंग लावलं. माशीला केस होते.
केस काय, चित्रकारही काढतात,
पण हिचा एक पाय वार्निशच्या आत होता
आणि बाकीचे वर.
सुईने जराशी उचलली
तर खाली चाक कोरं, पिवळं,
कुणाचाच आरोप नसलेलं.

म्हणजे कधीतरी, इथेच,
खिडक्या सताड टाकून कुणी वार्निशचा हात फिरवला,
आणि खंडेराव मार्केटातल्या
आंब्याच्या टोपलीवरून उठून ती आली,
ओल्यावर बसली.
पुढे साहेबांनी तिच्यावर दीड परिच्छेद लिहिला.

मी हसले. एकटीच, मोठ्याने.
मग हसणं थांबलं.
मेली तर ती खरीच होती तिथे,
पाय अडकून.

वहीत लिहिलं: माशी, नग एक. मूळ चित्रातली नाही.
पाकिटात घातली. तारीख. सही, कुंदा शितूत.

सहा वाजता मार्था जराशी उजळली.
हातात तिच्या फडकं आहे, ओलं असावं, पिळलेलं दिसतं.
बस म्हणून कुणी म्हटलेलं नाही तिला.
ऐकून झाल्यावर सगळ्यांना भूक लागेल,
ससा कोण शिजवणार
ते पाटीवर नाही.

जशुभाई कुलूप घेऊन आले.
"माशी क्यां गई?"
मी पाकीट दिलं. त्यांनी ते दिव्यासमोर धरलं,
बराच वेळ.
"पुढच्या महिन्यात पादऱ्याहून शाळा येणार.
काय दाखवू त्यांना?"

मी दिवा तिरका केला.
ती बसली होती तिथे
वार्निशमध्ये एक खळगा राहिलाय, तिळाएवढा,
बाजूला उभं राहिलं तरच दिसतो.
"त्यांना म्हणा," मी म्हटलं, "शोधा."